जुन्या जीपला रुंद चाके बसवल्यावर परत परत येणारी स्टिअरिंगची थरथर: कारणे आणि तपासणीचा क्रम

जुन्या महिंद्रा जीपची किंवा मारुती जिप्सीची मूळची अरुंद लोखंडी चाके काढून रुंद रिम आणि मोठे टायर बसवले की काही आठवड्यांत एक तक्रार हमखास सुरू होते. ताशी 50-60 च्या वेगाला स्टिअरिंग हातात थरथरू लागते. पुलाच्या सांध्यावरून किंवा खड्ड्यातून पुढचे चाक गेले की ती थरथर इतकी वाढते की गाडी जवळजवळ थांबवावी लागते. बॅलन्सिंग करून घेतले की चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. इंदुरात देवास नाक्याकडच्या टायरवाल्याकडे गेल्यास तो चांगल्या मनानेच सांगतो, ‘बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या भिया.’ मालक पुन्हा करून घेतो, आणि दुखणे तिथल्या तिथेच राहते.

बॅलन्सिंग करून घेण्यात चूक काहीच नाही, पण ते काय करते आणि काय करत नाही हे नीट समजून घेतले पाहिजे. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाकाच्या मधल्या मोठ्या भोकात शंकू घालतात आणि त्याच्या आधाराने चाक केंद्रात धरतात. जुन्या जीपवर मात्र तेच चाक मधल्या भोकाने नव्हे, तर पाच टेपर (टोकाकडे निमुळत्या) नटांनी केंद्रात येते. मूळ चाकात ही दोन्ही केंद्रे एकच असतात. बाजारातून आणलेल्या रिमचे मधले भोक हबवर (ॲक्सलच्या टोकाच्या, चाक धरणाऱ्या फिरत्या भागावर) जात नाही म्हणून ते लेथवर मोठे करून घेतले असेल, आणि मोठे करताना ते किंचित एका बाजूला सरकले असेल, तर यंत्र एका केंद्राभोवती शिशाची वजने लावून चाक समतोल करते आणि गाडी ते दुसऱ्याच केंद्राभोवती फिरवते. टायरसकट 20 किलोचे चाक केवळ अर्धा मिलिमीटर सरकलेले असले, तरी 15 इंची रिमच्या कडेवर सुमारे 50 ग्रॅम शिसे चुकीच्या जागी लावल्याइतका फरक पडतो. यंत्राच्या पडद्यावर शून्य दिसत असताना रस्त्यावर गाडी थरथरते, ती यामुळे.

मग बॅलन्सिंगनंतर काही दिवस बरे का वाटते? माझ्या मते त्याचे श्रेय बहुतेक वेळा शिशाला जात नाही. त्या निमित्ताने चाक उतरते, आतली माती पडते, आणि नट नव्याने आणि सारख्या ताकदीने आवळले जातात, म्हणून गाडी सुधारते. नट पुन्हा बसले, माती पुन्हा साठली, की थरथर परत येते. म्हणून बॅलन्सिंग करूनही जो दोष परत येतो, त्याचा शोध आधी चाक हबवर कसे बसले आहे तिथे आणि नंतर पुढच्या ॲक्सलच्या सांध्यांत घ्यावा, आणि तोही याच क्रमाने.

थरथर कोणत्या प्रकारची आहे

हत्यार हातात घेण्याआधी गाडी एखाद्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर चालवून पाहावी. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर सकाळी लवकर हे काम चांगले होते. गाडी अगदी हळू, ताशी 15-20 ने चालवतानाही डुलत असेल, तर रिम वाकलेली आहे, टायर नीट बसलेला नाही किंवा चाक हबवर तिरके आहे. थरथर ठराविक वेगाला सुरू होऊन त्यापुढे कमी होत असेल आणि रस्ता गुळगुळीत असतानाही येत असेल, तर वजनाचा असमतोल किंवा केंद्र सरकलेले असण्याचा संशय घ्यावा. गुळगुळीत रस्त्यावर गाडी शांत चालते, पण एखादा धक्का बसताच दोन्ही पुढची चाके डावी-उजवीकडे फडफडू लागतात आणि वेग बराच कमी केल्याशिवाय थांबत नाहीत, असा प्रकार असेल तर तो दोष केवळ चाकाचा नसतो. किंगपिन (ज्याभोवती चाक वळते तो खुंट), टाय रॉड (पुढची दोन चाके जोडणारा दांडा), पाट्यांचे बुश (स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांतली अस्तरे) किंवा कॅस्टरचा कोन (किंगपिनचा मागच्या बाजूला असलेला कल) यांपैकी कुठेतरी आधीच ढिलाई असते आणि नव्या चाकांनी ती उघडी पाडलेली असते.

यानंतरची सर्वांत उपयोगी परीक्षा बिनखर्चाची आहे, ती म्हणजे पुढे मूळची दोन लोखंडी चाके चढवून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवणे. म्हणूनच नवी चाके घेताना जुनी पाचही भंगारात देऊ नयेत, निदान दोन चांगली चाके जपून ठेवावीत, असा माझा आग्रह असतो. जुन्या चाकांवर थरथर पूर्ण गेली, तर दोष चाकात, त्याच्या बसण्यात किंवा त्याच्या ऑफसेटमध्ये (रिमची टेकणी रिमच्या मध्यरेषेपासून किती सरकलेली आहे त्यात) आहे. कमी झाली पण उरली, तर दोष दोन्हीकडे आहे, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत बहुधा हेच निघते.

चाक हबवर बसते कसे

विलिस या अमेरिकी कंपनीच्या घडणीच्या जीप महिंद्राने 1947 पासून भारतात जोडायला सुरुवात केली. त्या घडणीतला पाच स्टडांचा साडेपाच इंची, म्हणजे 139.7 मिलिमीटरचा पीसीडी (स्टडांच्या, म्हणजे हबवरच्या आट्यांच्या खुंटांच्या, केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) पुढच्या कित्येक मॉडेलांत तसाच राहिला. 1985 मध्ये आलेल्या जिप्सीचाही पीसीडी हाच आहे, आणि 2023 मध्ये भारतात विक्रीला आलेल्या जिम्नीचाही हाच. त्यामुळे या गाड्यांच्या रिम एकमेकींना ‘बसतात’ असे सर्रास सांगितले जाते. पाच भोके जुळणे एवढाच त्या बसण्याचा अर्थ असेल तर ते खरे आहे, पण तेवढ्याने काम संपत नाही.

विकत घेण्याआधी पीसीडी स्वतः मोजावा. पाच भोकांच्या चाकात समोरासमोर भोके नसल्यामुळे थेट व्यास मोजता येत नाही. त्याऐवजी शेजारच्या दोन स्टडांच्या केंद्रांमधले अंतर व्हर्नियरने घ्यावे आणि त्याला 0.588 ने भागावे. 139.7 च्या पीसीडीला हे अंतर 82 मिलिमीटरच्या किंचित वर येते, तर 127 च्या पीसीडीला ते 75 च्या आत राहते. जुन्या रिमची भोके कानशीने घासून ‘जुळवलेली’ असतील, तर ती रिम कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

आता नटांकडे वळू, कारण माझ्या पाहण्यात सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. विलिसच्या घडणीच्या जुन्या जीपचे स्टड अर्धा इंच जाडीचे आणि इंचाला 20 आटे असलेले असतात. जिप्सीचे स्टड 12 मिलिमीटरचे, 1.25 मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर). इंचाला 20 आटे म्हणजे 1.27 मिलिमीटरचा पिच झाला, आणि दोन पिचमधला फरक हाताला जाणवत नाही. त्यामुळे जीपचा नट जिप्सीच्या स्टडवर अगदी सुरेख फिरत जातो, अडत नाही, शेवटी आवळल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात स्टड 0.7 मिलिमीटरने बारीक असल्यामुळे आटे फक्त टोकाटोकांना धरलेले असतात आणि जोर आला की ते सोलून निघतात. सुट्या भागांच्या दुकानात एकाच डब्यात दोन्ही प्रकारचे नट पडलेले असतील, तर नुसत्या डोळ्यांनी निवड करू नये. आटे मोजण्याची पट्टी लावावी, किंवा नट स्टडवर अर्धा चढवून बाजूने हलवून पाहावा. योग्य नट जवळजवळ हलत नाही, चुकीचा स्पष्ट खडखडतो.

नट किती फेरे चढतो हेही मोजावे. अलॉय रिमचा तळ लोखंडी रिमपेक्षा खूप जाड असतो, त्यामुळे जुना स्टड तोकडा पडतो. स्टडच्या जाडीइतकी तरी लांबी नटात गेली पाहिजे, हा साधा नियम धरला तर अर्धा इंची स्टडवर नट पूर्ण 10 फेरे चढला पाहिजे आणि जिप्सीच्या स्टडवर साधारण तेवढाच. सहा-सात फेऱ्यांत नट टेकत असेल, तर लांब स्टड बसवल्याशिवाय ती रिम वापरू नये. स्पेसर घालून गाडी ‘भरलेली’ दिसावी असा मोह अनेकांना होतो. ज्या सपाट चकत्या नुसत्या मध्ये सरकवल्या जातात त्या नटाची पकड आणखी कमी करतात, म्हणून त्या तर मुळीच घालू नयेत.

चाक उतरवल्यावर भोकांच्या टेपर बैठका स्वच्छ कापडाने पुसून उजेडात पाहाव्यात. बैठक नीट टेकत असेल तर सगळीकडे सारख्या जाडीचे चकचकीत कडे दिसते. आमच्या ओळखीच्या एका काकांच्या महिंद्रा एमएम 540 जीपची पुढची डावी रिम अशी उतरवली, तेव्हा पाचपैकी दोन बैठकांवर पूर्ण कडे होते आणि उरलेल्या तिघांवर चंद्रकोरीसारखी अर्धीच चकाकी होती, तीही एकाच दिशेला. कोरीच्या उलट बाजूला पावडर कोटिंगचा काळा थर जसाच्या तसा होता, आणि नटाच्या टेपरला त्याच रंगाची पापडी चिकटलेली होती. रिम हबच्या एका खांद्यावर टेकून तिरकी आवळली गेली होती. तीन वेळा बॅलन्सिंग झालेले ते चाक मुळात कधी केंद्रात बसलेलेच नव्हते. मधले भोक बारीक पडत होते ते लेथवर केंद्र साधून नीट करून घेतले, बैठकांवरचा आणि मागच्या टेकणीवरचा रंग पूर्ण काढला, आणि मग एकदाच बॅलन्सिंग केले.

त्या रंगाचे महत्त्व कमी लेखू नये. नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच चाक दाबून धरले जाते. हा ताण मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकाच असतो. पावडर कोटिंगचा थर त्याहून जाड असतो, त्यामुळे तो चिरडला आणि झिजला की स्टडचा ताण जवळजवळ संपतो, आणि नट फिरलेला नसतानाही चाक सैल होते. नवी रंगवलेली रिम बसवल्यावर नट वारंवार ढिले पडत असतील, तर स्प्रिंग वॉशर किंवा गोंदाच्या मागे लागण्यापेक्षा टेकणीच्या जागा उघड्या धातूपर्यंत साफ कराव्यात. ड्रमवरचा गंज, ड्रम धरणाऱ्या स्क्रूचे वर आलेले डोके, टेकणीवर सुकलेले ग्रीस हेही त्याच वेळी काढून टाकावे. नट चांदणीच्या क्रमाने, चाक हवेत असताना हाताने टेकवून आणि मग जमिनीवर टॉर्क पान्याने, त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला आवळावेत. 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासावेत. आट्यांना तेल लावू नये, कारण तेलामुळे त्याच मापाला स्टड जास्त ताणला जातो.

विलिसच्या घडणीच्या जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांना डावे आटे असतात, हेही इथेच सांगितले पाहिजे. ही गोष्ट ठाऊक नसलेला पंक्चरवाला नट सोडवतो आहे असे समजून तो आवळतच जातो आणि स्टड मोडतो. नंतर कोणी ड्रम किंवा हब बदलला असेल, तर एकाच गाडीत दोन्ही प्रकार मिसळलेले सापडतात, म्हणून प्रत्येक चाक वेगळे तपासावे. लष्करी घडणीच्या दोन भागांच्या रिम असतील, तर ते दोन भाग जोडणारे बोल्ट हे चाकाचे नट नव्हेत. हवा भरलेली असताना ते सोडवणे जिवावर बेतू शकते.

एवढे झाल्यावर चाक जॅकवर घेऊन, जमिनीवर ठेवलेल्या घट्ट आधाराला एक तार बांधून तिचे टोक रिमच्या कडेजवळ आणावे आणि चाक हाताने फिरवावे. कड तारेपासून मिलिमीटर-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त लांब-जवळ होत असेल, तर तिथे खडूने खूण करावी, चाक काढून एक भोक पुढे सरकवून पुन्हा बसवावे आणि परत फिरवावे. उंचवटा चाकाबरोबर सरकला तर रिम वाकडी आहे. तो त्याच स्टडापाशी राहिला तर दोष हबचा आहे, आणि मग नवी रिम आणूनही उपयोग नाही.

ऑफसेटने किंगपिनवर येणारा भार

चाक अगदी नीट बसले तरी त्याची मध्यरेषा कुठे पडते हा प्रश्न उरतो. रिम जमिनीवर पालथी ठेवून, आतल्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवून, पट्टीपासून टेकणीच्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजावी. त्यातून रिमच्या कडांसकट एकूण रुंदीचा अर्धा भाग वजा केला की ऑफसेट मिळतो. समजा, जुनी रिम कडांसकट 140 मिलिमीटर रुंद आहे आणि खोली 100 आहे, तर ऑफसेट अधिक 30. नवी रिम 205 रुंद आणि खोली 95 असेल, तर ऑफसेट उणे 7.5. म्हणजे दोन्ही बाजूंना चाकाची मध्यरेषा 37 मिलिमीटरहून अधिक बाहेर गेली.

हे अंतर महत्त्वाचे आहे, कारण चाक ज्या किंगपिनभोवती वळते तिची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथून टायरच्या मध्यापर्यंतचा आडवा दांडा यामुळे लांब होतो. विलिस जीपच्या पुढच्या ॲक्सलवर किंगपिनचा कल साडेसात अंशांचा असतो, म्हणून टायरची त्रिज्या 30 मिलिमीटरने वाढली तर ती रेषा जमिनीवर सुमारे 4 मिलिमीटर बाहेर सरकते आणि दांडा तेवढाच कमी होतो. 37 वाढले आणि 4 कमी झाले, असा हिशेब आहे. मोठ्या टायरने सगळे आपोआप सावरते, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. आता प्रत्येक खड्डा त्या लांब दांड्यावरून स्टिअरिंगला हिसका देतो, आणि चाकाचा भार दोन हब बेअरिंगांच्या मधून सरकून बाहेरच्या बेअरिंगवर जास्त पडतो. ज्यांच्या गाडीचे बाहेरचे बेअरिंग दर पावसाळ्यानंतर बदलावे लागते, त्यांनी दोष ग्रीसला देण्याआधी ऑफसेट मोजावा.

धक्क्यानंतर सुरू होणारी फडफड असेल तर चाक जॅकवर घेऊन वरून आणि खालून धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो हबच्या बेअरिंगचा आहे. तसाच राहिला तर किंगपिनचा आहे. जीपच्या आणि जिप्सीच्या बंद गोळ्याच्या ॲक्सलमध्ये किंगपिनच्या बेअरिंगांवर ठराविक ताण असावा लागतो, आणि तो शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करून साधतात. शिम कमी केल्या की ताण वाढतो. टाय रॉड सोडवून, वळवण्याच्या बाहूला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढले की हा ताण मोजता येतो, आणि त्याचे माप त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेतून घ्यावे. अनेक मिस्त्री हा ताण हाताच्या अंदाजाने ठेवतात. अरुंद चाकांवर तो अंदाज खपून जातो, रुंद चाकांवर खपत नाही. बेअरिंगच्या कड्यांवर खाचा पडलेल्या असतील तर शिम काढून भागत नाही, बेअरिंग बदलावेच लागते.

त्यानंतर टाय रॉडचे दोन्ही टोकांचे सांधे, ड्रॅग लिंक, जुन्या जीपमध्ये असलेला बेल क्रँक, पाट्यांचे बुश आणि यू बोल्ट पाहावेत. एकजण स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत असताना दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवले की ढिला सांधा लगेच कळतो. गाडी उचलण्यासाठी पुढे लांब शॅकल (पाट्याचे टोक चौकटीला जोडणारे दुवे) घातले असतील तर कॅस्टरचा कोन कमी झालेला असतो. विलिस जीपला मूळ 3 अंशांचा कॅस्टर दिलेला आहे, तो पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालून परत मिळवता येतो. टो-इन, म्हणजे पुढची चाके समोरून जितकी आत वळलेली असतात ते माप, हेसुद्धा मूळ मापाला, म्हणजे साधारण दीड-दोन मिलिमीटरला आणावा. स्टिअरिंग डँपर बसवून थरथर दबते हे खरे, पण आतली झीज चालूच राहते. म्हणून डँपर सगळ्यांत शेवटी, बाकी सगळे घट्ट झाल्यावरच बसवावा.

माळव्याची काळी माती

पावसाळ्यात इंदूरजवळच्या चोरल, पाताळपाणी किंवा जानापावकडे गाडी मातीत घातली की इथली काळी चिकण माती खोल रिमच्या आतल्या कडेला बसते आणि दोन दिवस उन्हात राहिली की विटेसारखी घट्ट होते. बाहेरून चाक धुतलेले स्वच्छ दिसते, आत पाव किलोचा गोळा एका बाजूला चिकटलेला असतो. मूळच्या अरुंद रिमला एवढी खोल पन्हळ नसल्यामुळे हा त्रास फारसा नव्हता. सोमवारी अचानक थरथर आली आणि रविवारी गाडी शेतरस्त्यावर गेली होती, तर टायरवाल्याकडे जाण्याआधी आतली बाजू लाकडी पट्टीने खरवडून पाण्याच्या जोरदार धारेने धुवावी. खरवडताना चिकटवलेले शिसे उखडणार नाही एवढी काळजी घ्यावी.

टायरबद्दल थोडक्यात सांगतो. पुढे रेडियल आणि मागे नायलॉनचे बायस टायर अशी मिसळ करू नये. जुनी 16 इंची ट्यूबची रिम ट्यूबशिवाय वापरू नये. 6.00-16 चा टायर साधारण 72-73 सेंटिमीटर उंच असतो आणि 31 इंची टायर जवळजवळ 79, त्यामुळे काटा 60 दाखवत असताना खरा वेग 65 च्या आसपास असतो. थरथर ‘साठला’ येते असे सांगताना हा फरक ध्यानात ठेवावा.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करते, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ कायम केला. जुन्या जीपला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला जावेच लागते. म्हणून मडगार्डच्या बाहेर येणाऱ्या चाकांपेक्षा त्या मॉडेलला मान्य असलेल्या मापाच्या जवळची, कमी ऑफसेट बदलणारी रिम निवडावी. तीच किंगपिनलाही मानवते.

स्टेपनी मूळचीच लोखंडी ठेवली असेल तर तिचे नट वेगळे लागतात. अलॉयचे लांब नट पातळ लोखंडी रिमवर आटे संपून आधीच अडकू शकतात आणि चाक घट्ट झाल्याचा भास होतो. पाच मूळ नट एका पिशवीत, डाव्या आट्यांचे असतील तर वेगळी गाठ बांधून, जॅकच्या शेजारीच ठेवावेत, आणि स्टेपनी एकदा घरी चढवून नट पूर्ण टेकतात की नाही हे भेरू घाटात अंधारात पंक्चर होण्याआधीच पाहून घ्यावे.